मारिया वादळानंतर पोर्तो रिकोत लोकांनी गावं कशी उभी केली? आमच्या पाखाडीसाठी विचारते आहे

रोठेकरीण

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

श्रीवर्धन तालुक्यात अगदी समुद्राला लागून आमची अठरा गुंठे वाडी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाआधी तीनशे बारा पोफळी होत्या. दुसऱ्या दिवशी मी आणि सासूबाई मोजायला गेलो. वाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, आडव्या खोडांवरून तोल सांभाळत चाललो. एकोणतीस उभ्या. सासूबाई एका खोडावर बसल्या, जरा वेळाने म्हणाल्या, "चल, चहा टाकू." रोठ्याचं रोप लावलं की सुपारी दिसायला सात-आठ वर्षं जातात, आणि त्यांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर.

घराची कौलं गेली होती आणि पाऊस तोंडावर. लॉकडाऊनमुळे मुंबईची पोरं गावातच होती, म्हणून निभावलं. त्यांनी पडक्या गोठ्यांची, बंद घरांची धड राहिलेली कौलं गोळा केली, कमी पडली तिथे निळी ताडपत्री टाकली आणि चार दिवसांत आमचं छप्पर शाकारून दिलं. बाराव्या दिवशी पंचनाम्याला माणूस आला. त्याने वर बघितलं आणि म्हणाला, "छप्पर तर आहे की!" कागदावर लिहिलं, अंशतः नुकसान. शेजारच्यांनी काहीच न करता घर तसंच उघडं ठेवलं होतं, त्यांचं पूर्णतः झालं. त्यांचा हेवा नाही, पण हे डोक्यातून जात नाही.

वीज एकेचाळिसाव्या दिवशी आली. तोवर एका नाखव्याचा जनरेटर हातगाडीवर घालून घरोघर फिरवला. विहिरीच्या पंपाला अर्धा तास, पेट्रोल ज्याचं त्याचं, वहीत नोंद. वही माझ्याकडे होती, अजून आहे. पेट्रोलचे डाग पडून पहिली चार पानं एकमेकांना चिकटली आहेत.

बागेची भरपाई हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर झाली. हेक्टर म्हणजे शंभर गुंठे, म्हणजे गुंठ्याला पाचशे. इथे हेक्टरभर वाडी आहे कोणाची? झाडांच्या हिशेबाने देण्याचं नंतर ठरलं, पण आमचं घोडं सातबाऱ्यापाशी अडलं. त्यावर त्रेचाळीस नावं. अकरा मयत, सोळा मुंबई-ठाण्याला, दोघं कुठे असतात ते त्यांच्या सख्ख्या भावालाही ठाऊक नाही. सगळ्यांची संमतीपत्रं आणा म्हणाले.

आता मुद्द्यावर येते. यंदा पावसाआधी पाखाडीची, म्हणजे आमच्या वस्तीची, बैठक झाली. काही जण म्हणतात, घरटी वर्गणी काढून आपलाच जनरेटर, सौर दिवे, ताडपत्र्या घेऊन ठेवू. माझे दीर म्हणतात, मुळीच नको, आपण केलं की वरचे म्हणतात तुमचं भागलं की! आणि उदाहरण म्हणून आमचंच छप्पर दाखवतात, त्यामुळे मला तोंड उघडता येत नाही. माझी भाची पुण्याला समाजकार्य शिकते. ती म्हणाली, पोर्तो रिकोत मारिया वादळानंतर हाच वाद झाला होता, वाच. इंग्रजीत वाचायला बसले, पण बरंच डोक्यावरून गेलं. कोणाला माहिती असेल तर सांगाल का? विशेषतः दिरांच्या प्रश्नाला तिथे काही उत्तर सापडलं का?

दर्यावर्दी

ताई, मी गुहागरकडचा, जहाजावर इंजिनात असतो. एप्रिल २०१८ मध्ये आमचा टँकर सान हुआनला, म्हणजे पोर्तो रिको बेटाच्या राजधानीच्या बंदरात, लागला होता, त्यामुळे थोडं पाहिलेलं आणि बरंचसं नंतर वाचलेलं सांगतो.

तिथे खाली उतरायला अमेरिकेचाच व्हिसा लागतो. १८९८ मध्ये स्पेनने युद्ध हरल्यावर बेट अमेरिकेला देऊन टाकलं, १९१७ पासून तिथली माणसं अमेरिकेची नागरिक. पण बेटावर राहणाऱ्याला अमेरिकेचा अध्यक्ष निवडायला मत नाही. तिकडच्या काँग्रेसमध्ये एक प्रतिनिधी बसतो, कायदा मंजूर करताना त्याचं मत धरत नाहीत. थोडक्यात, वसाहतच म्हणा. वादळाच्या वर्षभर आधी, २०१६ मध्ये, कर्ज थकलं म्हणून वॉशिंग्टनने वर सात जणांचं मंडळ बसवलं. गव्हर्नर लोकांनी निवडलेला, पण त्याच्या अंदाजपत्रकाला मंजुरी या मंडळाची. लोक त्याला नुसतं 'ला हुंता' (स्पॅनिशमध्ये 'मंडळ') म्हणतात, आणि आवाजावरून कळतं की प्रेमाने म्हणत नाहीत.

मारिया आलं २० सप्टेंबर २०१७ ला, वारा ताशी २५० किलोमीटर. आपल्या निसर्गच्या दुपटीहून जास्त धरा. दोनच आठवड्यांपूर्वी इर्मा नावाचं वादळ घासून गेलं होतं, खांब आधीच खिळखिळे. सगळ्या बेटाची वीज गेली ती शेवटच्या घरापर्यंत परत यायला जवळजवळ अकरा महिने लागले. तुमचे एकेचाळीस दिवस मी कमी लेखत नाही, पण हिशेब बघा.

मी होतो तेव्हा, १८ एप्रिलला, वीज पुन्हा गेली. एका ठेकेदाराच्या खोदयंत्राने मुख्य वाहिनीला धक्का दिला आणि अख्खं बेट बंद. मी बंदराबाहेर एका खानावळीत भात आणि राजमा खात बसलो होतो. (हो, तिथेही रोजचं जेवण तेच.) पंखा थांबला. आपल्याकडे "गेली रे" अशी एक आरोळी होते, तिथे कोणी वरही बघितलं नाही. मालकीण बाई मागच्या दाराने गेली, जनरेटरची दोरी ओढल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा लागला. मग शेजारचा, मग समोरचा, पाच मिनिटांत सगळी गल्ली डिझेलच्या वासाने भरली. सात महिन्यांत त्या बाईचा हात त्या दोरीला किती सरावला होता!

आता जहाजांचं, कारण ते माझ्या धंद्यातलं. १९२० चा एक कायदा आहे, जोन्स ॲक्ट. अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकेत बांधलेलं, अमेरिकेच्या मालकीचं, झेंडा त्यांचा आणि खलाशीही बहुतेक त्यांचेच. आमचा टँकर परदेशातून तेल घेऊन सान हुआनला येऊ शकतो, पण फ्लोरिडात माल भरून तिथे उतरवू शकत नाही. बेट खाण्यापिण्याचं बहुतेक सगळं बाहेरून आणतं, तेव्हा हे ओझं रोजचं. मारियानंतर हा कायदा दहा दिवस स्थगित केला. दहाच. पण खरं बोलायचं तर पहिल्या आठवड्यातली उपासमार एकट्या या कायद्याने झाली नाही. हजारो कंटेनर सान हुआनच्या धक्क्यावर येऊन पडले होते. रस्ते बंद, डिझेल नाही, ट्रकवाल्यांना निरोप द्यायला फोन नाहीत. माल दाराशी आणि घरात चूल थंड.

मग डोंगरातल्या गावांनी काय केलं? उतुआदो भागात पूल वाहून गेला, पलीकडची वस्ती तुटली. त्यांनी नदीवर तार ओढली, तिला बाजारातली चाकांची सामानाची गाडी टांगली आणि पाणी, शिधा, औषधं पलीकडे नेली. 'विसरलेल्यांची छावणी' अशी पाटीच लावली होती. अदहुंतास नावाच्या गावात कासा पुएब्लो म्हणून संस्था आहे, १९८० मध्ये तांब्याच्या खाणीविरुद्ध उभी राहिलेली. त्यांच्या छपरावर १९९९ पासून सौर पॅनल. मारियानंतर गावभर अंधार आणि यांच्याकडे दिवा. लोक फोन भरायला आले, श्वासाची यंत्रं घेऊन आले. त्यांनी हजारो सौर कंदील वाटले आणि पुढे गावातल्या दुकानांवर पॅनल बसवत गेले. किराणा, हार्डवेअर आणि न्हाव्याचं दुकान. २०२३ मध्ये चौकातल्या डझनभर दुकानांचं मिळून स्वतःचं छोटं वीजजाळं सुरू झालं.

उमाकाओच्या बाजूला मारियाना म्हणून डोंगरावरची वस्ती. तिथे दर वर्षी 'पाना'चा उत्सव भरतो. पाना म्हणजे आपला नीरफणस, ताई! तिथल्या बोलीत जिवलग मित्रालाही पानाच म्हणतात. उत्सवाच्या त्या जागेतच गावकऱ्यांनी सामाईक स्वयंपाकघर काढलं. काग्वास शहरात असंच स्वयंपाकघर निघालं, ती मंडळी तर वादळाच्या आधीपासून विद्यापीठात असं जेवण चालवत होती: पैसे द्या, नाहीतर शिधा द्या, नाहीतर भांडी घासा. फुकट कोणाला नाही आणि उपाशी कोणी नाही. अशा ठिकाणांना ते परस्पर-साहाय्याची केंद्रं म्हणतात. काही तर बंद पडलेल्या शाळांत सुरू झाली, कारण तिथे शाळा धडाधड बंद करत होते, नुसत्या २०१८ मध्ये अडीचशेच्या वर.

दिरांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. मी मेकॅनिक माणूस.

गिरगावकर

माहिती चांगली, पण 'वसाहत' हा शब्द जरा जड नाही का? नागरिकत्व आहे, पासपोर्ट आहे, अब्जावधी डॉलरची मदत मंजूर झाली. आपल्या कोकणाला कोणी एवढं दिलं? आणि वर्गणी काढून जनरेटर घ्यायला पोर्तो रिकोपर्यंत जायची काय गरज? गणपतीत घेतोच की आपण भाड्याने.

फेरफार

गिरगावकर, गणपतीला जनरेटर आणणाऱ्यावर कोणी "तुमचं छप्पर तर आहे" असं लिहीत नाही. रोठेकरीणताईंचा प्रश्न तिथे आहे.

मी वकिली करते, रायगडातच, बहुतेक महसुलाची प्रकरणं. शब्दाचं म्हणाल तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच १९०१ मध्ये सांगून ठेवलंय की हे बेट अमेरिकेच्या मालकीचं आहे, पण राज्यघटनेतल्या महसुलाच्या कलमांच्या अर्थाने अमेरिकेचा भाग नाही. मालकीचं आहे पण घरातलं नाही, याला तुम्ही कोणता हलका शब्द वापराल?

मदत मंजूर झाली हे खरं. ती दारापर्यंत कशी पोचली ते बघा. अमेरिकेची आपत्ती मदत यंत्रणा म्हणजे फेमा. तिने घरदुरुस्तीसाठी मालकीचा कागद मागितला. पोर्तो रिकोत आजोबांनी जागा घेतलेली, बापाने खोली वाढवलेली, वाटण्या तोंडी, नोंदणी नाही. त्यांच्या कायद्यात मालकी सिद्ध व्हायला नोंदणी सक्तीचीही नाही. तरी हजारो अर्ज 'मालकी सिद्ध नाही' म्हणून परत आले. ओळखीचं वाटतंय ना? ताईंच्या त्रेचाळीस नावांचाच हा स्पॅनिश अवतार.

तिथल्या विनामूल्य काम करणाऱ्या वकिलांनी एक साधा फॉर्म तयार केला: मी शपथेवर सांगतो की हे घर माझं, मी इथे इतकी वर्षं राहतो, वीजबिल हे, शेजारी हे. २०१८ मध्ये भांडून फेमाकडून तो मान्य करून घेतला. फेमाने त्याचा फारसा गाजावाजा केला नाही, तो वस्त्यावस्त्यांतून वाटला लोकांनीच, त्याच स्वयंपाकघरांतून आणि चर्चच्या पायऱ्यांवरून. सप्टेंबर २०२१ मध्ये फेमाने कागदांचा नियम सगळ्या अमेरिकेसाठी सैल केला. लुइझियानातल्या गरिबालाही त्याचा फायदा झाला.

दुसरी गोष्ट मोजणीची. सरकारी आकडा कित्येक महिने मृत ६४ असाच होता. वीज नसल्याने डायलिसिस चुकलेले, इन्सुलिन खराब झालेले यांचा त्यात पत्ता नाही. १ जून २०१८ ला लोकांनी सान हुआनच्या विधिमंडळासमोर आपापल्या गेलेल्या माणसांचे जोडे आणून ठेवले. चपला, बूट, लहान मुलांचे सँडल, हजारो जोड, कित्येकांत नावाची चिठ्ठी. ऑगस्टमध्ये सरकारने २,९७५ हा आकडा मान्य केला. विद्यापीठाचा अभ्यास झाला म्हणून मान्य केला हे खरं, पण जोडे आधी आले होते.

दिरांना सांगा, छप्पर शाकारलं म्हणून भरपाई गेली नाही. शाकारण्याआधीचा फोटो नव्हता म्हणून गेली. पुढच्या वेळी कौलाला हात लावायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा, तारीख येईल असे. दोन शेजाऱ्यांच्या सह्यांचा साधा कागद करा, फुटकी कौलं फेकू नका, अंगणात रचून ठेवा. आणि आत्ता, वादळ नसताना, मयतांच्या वारसनोंदी करायला घ्या. अकरा मयत म्हणजे अकरा अर्ज, एका उन्हाळ्यात होत नाहीत.

वाळवंटी

वाचनखूण साठवली आहे. फेरफारताई, त्या साध्या कागदाचा मसुदा इथे टाकाल का?

खारेपाट्या

रोठेकरीणताई, तुमच्या दिरांचा प्रश्न आमच्याकडे शंभर वर्षं जुना आहे.

मी अलिबागच्या खारेपाटातला. आमची भातशेती समुद्राच्या पातळीला, मध्ये नुसता मातीचा बांध. बांध राखायचं काम गावाचं, त्याला जोळ म्हणायचे. माझे आजोबा सांगायचे ते सांगतो. उधाणाच्या आधी घरटी एक माणूस बांधावर. उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची, फळी नीट बसते का बघायचं, खेकड्यांनी केलेली भोकं चिखलाने बुजवायची. भोक बोटाएवढं असतं, पण एका भरतीत त्याची खांड होते आणि खारं पाणी एकदा शेतात शिरलं की दोन-तीन वर्षं भात नाही. रात्री हाक आली की ज्याच्या हातात जे असेल ते घेऊन धावायचं. एकदा आजोबांच्या चुलत्यांनी घराचं दारच उचकटून नेलं आणि खांडीत आडवं घातलं म्हणे. जो येणार नाही त्याला दंड.

राज्य इंग्रजांचं, जमीन खोताची. बांध आम्ही राखायचा आणि निम्मं पीक त्याच्या घरी. आता तुमच्या दिरांच्या हिशेबाने आमच्या लोकांनी बांध सोडून द्यायला हवा होता, वाहू दे खोताची जमीन! पण मग खायचं काय? त्यांनी बांध राखला आणि १९३३ मध्ये जमीन कसायचंच सोडलं. चरीचा संप, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने, सहा वर्षं चालला. पंचवीस गावं. लोकांनी जंगलातून लाकडं आणून विकली, पण नांगर धरला नाही. एवढी वर्षं गावं एकत्र कशी राहिली याचं मला लहानपणी नवल वाटायचं. आता वाटतं, जोळाची सवय होती. कोणाच्या घरी किती माणसं, कोण नेहमी दांडी मारतो, कोणाला रात्री उठवलं तर येतो, हे सगळं आधीच ठाऊक होतं.

१९४८ मध्ये खार जमिनींचा कायदा आला आणि बांधांत सरकार आलं. चांगलंच होतं. पण आमच्या गावात हळूहळू जोळ मोडला. आता खांड पडली की अर्ज करतो. अर्ज करायलाच हवा, माझं त्याला काही म्हणणं नाही. पण भोक बोटाएवढं असताना बघायला बांधावर कोणी फिरत नाही. मीसुद्धा नाही. माझे गुडघे गेले आणि मुलगा पनवेलला.

गिरगावकर

'जड' म्हणालो ते मागे घेतो. ते जोड्यांचं माहीत नव्हतं.

पण एक शंका राहते. पोर्तो रिकोतून लोक निघून गेलेच ना? एवढं आपलं आपण करूनही?

दर्यावर्दी

गेले. जुलै २०१७ ते जुलै २०१८ या वर्षात बेटाची लोकसंख्या १ लाख ३० हजारांच्या आसपास घटली. स्वयंपाकघराने पोट भरतं, नोकरी येत नाही. तुम्ही-आम्ही तरी कुठे गावात राहिलोय? आणि बरीच केंद्रं पुढे थंडावली. दोन-चार माणसांवर भार पडतो, ती थकतात. २०२१ पासून बेटावरची वीज पोचवायचं काम खासगी कंपनीकडे गेलं. सप्टेंबर २०२२ मध्ये फिओना वादळ आलं आणि अख्खं बेट पुन्हा अंधारात. कासा पुएब्लोच्या पॅनलवरचे दिवे मात्र तेव्हाही चालू होते.

रोठेकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ओटीवर बसून हा सगळा धागा दिरांना मोठ्याने वाचून दाखवला. ते ऐकताना सुपारी कातरत होते. मधूनमधून अडकित्ता थांबायचा, त्यावरून मला कळायचं कुठे लागलं ते.

पहिल्यांदा थांबला न्हाव्याच्या दुकानाला. म्हणाले, "किराण्याला वीज दिली समजलं, तिथे फ्रीज असतो. न्हाव्याला कशाला?" मी म्हटलं, भावोजी, आपल्या गावात कोणाच्या घरी काय झालं ते पहिल्यांदा कुठे कळतं? त्यावर हसले. दुसऱ्यांदा खारेपाट्यांच्या दाराला. "दार उचकटून नेलं" हे वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

जोड्यांपाशी सासूबाई आतून बाहेर आल्या. त्यांना ऐकू कमी येतं, नेमकं तेवढंच कसं ऐकलं देव जाणे. मग त्यांनी एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. वादळात आमच्या पाखाडीत कोणी गेलं नाही असं आम्ही आजवर सांगत आलो. पण पुढच्या दोन महिन्यांत तीन म्हातारी माणसं गेली. एकाच्या दम्याच्या मशीनला वीज नव्हती. एक बाई अंधारात विहिरीवर घसरली, ती उठलीच नाही. हे आम्ही कधी वादळाच्या खाती मांडलंच नव्हतं. मी जनरेटरची जुनी वही काढली आणि मागच्या कोऱ्या पानावर तिघांची नावं लिहिली. त्याचा आता काही उपयोग नाही हे मला कळतं.

वर्गणीला दीर तयार झाले असं मी म्हणणार नाही. म्हणाले, जनरेटर घ्या, पण तो घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी पाखाडीच्या सह्यांचं पत्र वर गेलं पाहिजे की खांब गंजलेत, बदला. आणि पत्राची पोच माझ्याकडे राहील. मी म्हटलं, चालेल. फेरफारताई, मसुदा टाकाच, आमच्याकडेही हवा आहे. वारसनोंदींसाठी मुंबईच्या मंडळींना गणपतीत धरणार आहे. त्याआधी कोणी सापडत नाही.

जनरेटर ठेवायचा कुठे, यावर मात्र अडलं. आमच्याकडे ठेवला तर आमचा होतो, त्यांच्याकडे ठेवला तर त्यांचा. देवळात उंदीर. मग दर्यावर्दींनी लिहिलेलं बंद शाळांचं पुन्हा वाचलं. आमच्या पाखाडीची शाळा पटसंख्या नाही म्हणून बंद झाली आहे. गावात स्लॅबची इमारत तेवढी एकच. निसर्गमध्ये तिचा एक पत्राही हलला नाही, कारण तिला पत्राच नाही. आणि आम्ही सगळे त्या दिवशी आपापल्या कौलांखाली थरथरत बसलो होतो, शाळेला कुलूप लावून.

"किल्ली कोणाकडे असते तिची?" दिरांनी विचारलं. मला ठाऊक नव्हतं, सासूबाईंनाही नाही. दीर उठले, अडकित्ता तबकात ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि टॉर्च घेऊन रात्री साडेनऊला विचारायला निघाले.